लिटर म्हणजे किलो नव्हे

…नाही, पण मला सांगा, यात माझं चुकलं काय? सांगा ना! भेटेल त्याला मी हेच विचारतेय. दूधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "उद्यापासून दूध कमी करू का?" दातांच्या डॉक्टरांना विचारलं, तोंडात त्यांची ती शिट्टी मारणारी सुई असताना विचारलं, ते म्हणाले, "आणखी मोठा आ करा." झालं! एवढा मोठा आ करून बसलेय मी, पण उत्तर म्हणून कुणी देत नाही. म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय… बसलात? बरं, मग आता हलू नका.

तर मी फक्त एवढंच म्हणाले होते, की लिटर म्हणजे किलो नव्हे.

बस्स! यात काय वाईट आहे? शिवी आहे का? कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय? साधं, खरं, पोटतिडकीनं म्हटलेलं एक वाक्य, आणि त्यानं आमच्या घराची काय दशा केली म्हणता… पण थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, "आ करा."

मी खतांचा हिशेब शिकून आलेय. हसू नका. लांब जाऊन शिकून आलेय. तिथे लोक काय काय शिकायला येतात, कुणी विमानाचे पंखे, कुणी हृदयाच्या झडपा, आणि मी शिकले कोबीला किती खत घालावं! पण मनापासून शिकले हो. आणि तिथे राहिले नाही. रहा म्हणत होते. काचेची खोली देत होते, आणि खुर्ची अशी, की जरा मागे रेललं की पाठ आपण होऊन म्हणायची, अगं बाई, आता कुठे! मी म्हटलं, नको. माझ्या घरी भाजीपाल्याची शेती आहे, माझे बाबा हाताच्या अंदाजानं खत फेकतात, त्यातलं निम्मं पीक खातं आणि निम्मं पाण्याबरोबर खाली उतरून विहिरीत जाऊन बसतं, माती आंबून चाललीय, मी जाणार आणि ती माती वाचवणार! असं मी विमानतळावर मैत्रिणीच्या गळ्यात पडून म्हणाले. रडले सुद्धा. तीही रडली. नंतर कळलं, तिला वाटलं होतं मला काहीतरी आजार झालाय.

आले घरी. बॅगासुद्धा उघडल्या नाहीत, थेट खताच्या खोलीत. तुम्ही पाहिलीय का खताची खोली? एका बाजूला पोती, एका बाजूला निळे ड्रम, मधे एक पारडं मोडलेली वजनाची सतरंजी… सतरंजी काय म्हणतेय मी, ताडपत्री, वजनकाटा ताडपत्रीवर, डोकं ठिकाणावर नाही माझं. बाबा दारात उभे. किल्ली त्यांच्या कमरेला. ती किल्ली झोपेतही कमरेलाच असते.

मी म्हटलं, "बाबा, या पोत्यावर शेहेचाळीस लिहिलंय, पाहिलंत?"

"पाहिलं. रोजच पाहतो."

"म्हणजे शंभर किलो खतात नत्र शेहेचाळीस किलो. पोतं पन्नासचं. म्हणजे या पोत्यात पिकाच्या पोटात जाणारं नत्र फक्त तेवीस किलो!"

बाबा पोत्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि उरलेले सत्तावीस?"

"ते… ते नत्राला धरून ठेवणारं असतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी सत्तावीस किलो नुसतं धरून ठेवणारं उचलतोय? हे माझ्या कमरेला सांग. तिला आधी सांगायला हवं होतं."

आणि बाबांची पद्धत काय, तर हिशेबानं जेवढी पोती बसतील तेवढी टाकायची आणि वर एक, मनाच्या समाधानाचं. मनाच्या समाधानाचं पोतं! मी म्हटलं, बाबा, समाधान तुमचं, पण ते विहिरीला कशाला पाजता? यावर बाबा जेवायला बसल्यावर बोलले. तेही माझ्याशी नाही, दाजींशी.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ताई नोकरीच्या गावी, दाजी आमच्याकडे. शांत माणूस. इतका शांत, की भाजी वाढायला विसरलं तरी मागत नाही, नुसता ताटातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहतो. पण एक वेड आहे. त्यांना जमिनीवर गोदाम बांधायचंय. शेती सपाट करायची, वर पत्र्याचं मोठं गोदाम, ते कुणाला तरी भाड्यानं द्यायचं, आणि मग आरामात बसायचं. हाताला कागद लागला की गोदाम काढतात. बियाण्याच्या पाकिटावर गोदाम, औषधाच्या चिठ्ठीवर गोदाम, एकदा तर ताईनं पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डावर, शुभेच्छांच्या बरोबर मधोमध, गोदाम! ट्रक आत यायचा रस्ता बाणानं दाखवलेला.

तर बाबा म्हणाले, "जावईबापू, तुमचं ऐकायचं की हिचं, मला काही कळेना. तेव्हा असं करू. मागचा कोबीचा तुकडा हिच्या ताब्यात. एक हंगाम. खरेदीवाल्यांनी माल उचलला, तर सगळी शेती हिच्या हिशेबानं, मी मधे बोलणार नाही. नाही उचलला, तर तुमचं गोदाम. आणि हिनं जायचं परत त्या खुर्चीत बसायला."

दाजी मान हलवून म्हणाले, "चालेल." आणि ताटाखालच्या कागदाची घडी हळूच उलगडून बघितली. काय होतं त्यावर, विचारूच नका.

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं? ती सगळी माती! एका कोबीवर! आणि कोबी म्हणजे काय हो, खायचा म्हटलं की घरातली दोन माणसं आधी तोंड फिरवतात…

पण मी पेटले होते. म्हटलं, दाखवतेच. कोबीला खताचे दोन हप्ते. रोपं लावताना कोरडं दाणेदार, आणि गड्डा धरायच्या आधी पातळ, ठिबकच्या नळ्यांतून. कोरड्याचं काम झकास झालं. नाही, झकास म्हणजे, त्यातही भोगलंच. खत फेकायचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे असतं, ट्रॅक्टर दाजी चालवतात, आणि दाजी ट्रॅक्टरवर गाणी लावतात. संथ गाणं लागलं की ट्रॅक्टर संथ, खत दाट. उडतं गाणं लागलं की ट्रॅक्टर पळतोय, खत विरळ. मी शेतात ताडपत्री अंथरली, तिच्यावर पडलेले दाणे गोळा केले, आणि वजन करायला आत्याचा स्वयंपाकघरातला काटा आणला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, घराचं आणि पाण्याच्या टाकीचं सगळं तिच्याकडे. ती मागून ओरडत आली, "अगं, त्या काट्यावर मी साखर मोजते! उद्या चहात रोप उगवलं तर कोण खुडणार?" तरी आम्ही मोजलं, यंत्राची झडप बसवली, दाजींना एकाच चालीचं गाणं लावून दिलं. दुसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, "हे जरा रडकं आहे." मी म्हटलं, कोबीला चालतंय. आणि खरंच, रोपं अशी तरारली की बाबा बांधावर येऊन उभे राहायला लागले. बोलायचे नाहीत. नुसते खोकायचे. पण तो खोकला समाधानाचा होता, लेकीला कळतं ते.

आणि मग आलं पातळ खत. आणि मी म्हणाले ते वाक्य.

अहो, म्हणावंच लागतं! ड्रमवर जे टक्के लिहिलेले असतात ते वजनाचे. शंभर किलोत इतके किलो. पण पातळ खत आपण ओततो लिटरनं! आणि हे खत पाण्यापेक्षा जड. पाण्याचा लिटर एक किलोचा, याचा लिटर एक किलो तीनशे ग्रॅमचा. माझ्या हिशेबात कोबीला हवं होतं एकशे तीस किलो. एकशे तीस भागिले एक पूर्णांक तीन, म्हणजे शंभर लिटर. किलोला लिटर समजून एकशे तीस लिटर ओतलं, तर तीस लिटर फुकट जमिनीत. इथले सगळे तेच करतात! तेच विहिरीत उतरतं!

हे मी घरात नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. ओट्यावर काटा ठेवला, आत्याचं मापाचं भांडं घेतलं, आधी पाणी ओतलं, एक किलो. मग तेच भांडं, तीच खूण, त्यात खत. काट्याचा आकडा चढला, चढला, एक किलो तीनशे. आत्याचा हात तोंडावर. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत आकडा बघितला. दाजी म्हणाले, "बाप रे." दाजी! ज्यांच्या तोंडून आठवड्यात चार शब्द निघतात! आणि मी, काय सांगू तुम्हाला, मला इतकं भरून आलं, मी म्हटलं, "लिटर म्हणजे किलो नव्हे! ही एक चूक सुटली ना, तर आपलं पाणी सुटेल, माती सुटेल! कुणी काहीही सांगू दे, आधी भागा! एक पूर्णांक तीननं भागा!" खडूनं भिंतीवर लिहिलं सुद्धा. आत्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "एवढं शिकून आलीस आणि आमच्यासाठी आलीस गं." आणि ते भांडं मात्र तिनं बाहेर फेकून दिलं.

त्या दिवशी मी अंथरुणावर पडले ती एखाद्या सभेत टाळ्या घेऊन आल्यासारखी. मला काय माहीत, त्या टाळ्या मला केवढ्याला पडणार आहेत!

पुढचे दिवस घरात दुसरं काही नाही. आत्या फोनवर मैत्रिणीला, "काय सांगतेस? तू अजून लिटरला किलोच समजतेस? अगं, कुठल्या जगात राहतेस!" तेल आणायला गेली तर दुकानदाराला भागायला लावलं. तो म्हणे, "ताई, तेल पाण्याहून हलकं असतं." ती म्हणे, "मला शिकवू नका, आमच्या घरात शिकलेलं माणूस आहे!" बाबा पाणी पिताना पेला हातात तोलून बघायचे. आणि दाजी, माझे शत्रू म्हणावेत असे दाजी, माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "ते एक पूर्णांक तीन… सगळीकडेच लागतं का?" मला वाटलं, टिंगल करतायत. मी लक्षच दिलं नाही.

मी फक्त एवढंच म्हणाले होते ना, की लिटर म्हणजे किलो नव्हे?

आला हप्त्याचा दिवस. मी म्हणाले, "शंभर लिटर." आणि गेले शेताच्या टोकाला, ठिबकची भोकं बुजलीत का ते बघायला. आमच्या घराची एक रीत आहे. खोलीतून खत बाबा काढून देणार, कारण किल्ली त्यांची. टाकीत ओतून पाण्यात मिसळणार आत्या, कारण टाकी तिची. पंप सोडणार दाजी, कारण… कारण काहीतरी त्यांचं असायला हवं ना. आणि कुणी कुणाच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. या रीतीवर आमचं घर इतकी वर्षं टिकलंय, आणि याच रीतीनं मला मारलं.

कारण मग कोबी पिवळा पडला.

एकदम नाही. आधी खालची पानं, मग मधली. गड्डा धरायची वेळ, आणि रोपं अशी उभी, जशी पाहुण्यांकडे पोटभर न जेवता उठलेली माणसं. मी मुळं उकरली, पानं भिंगाखाली धरली, कीड नाही, रोग नाही, माती तपासून घेतली, पाणी तपासून घेतलं. बाबा बांधावर यायचे, पण आता खोकायचे नाहीत. ते खोकत नाहीत हे बघून मला रडू यायचं. आणि खरेदीवाल्यांचे साहेब येण्याची तारीख जवळ येत चाललेली.

मला संशय आला दाजींचा. यावा की नाही? कोबी मेला की कुणाचं गोदाम उभं राहतं? गेले पंपाच्या खोलीत. दाजी कोपऱ्यात पाठमोरे. म्हटलं, "दाजी, खरं सांगा. खत कुठे गेलं?"

दाजी वळले. चेहरा असा, जणू मी त्यांच्या ताटातली भाजी ओढून घेतली. म्हणाले, "मॅडम, मी तर भागूनच सोडलं."

"काय केलंत?"

"भागलं. एक पूर्णांक तीननं. तुम्हीच म्हणालात ना, कुणी काहीही सांगू दे, आधी भागा." आणि पिंपाकडे बोट. पिंपात टाकीतलं उरलेलं खताचं पाणी, वर झाकण, झाकणावर वीट. "हे वाचलेलं. जपून ठेवलंय. विहिरीत नको जायला."

मी म्हटलं, "अहो, शंभर हे भागूनच आलेलं होतं!"

"शंभर? टाकीत शंभर नव्हतेच."

मी धावत आत्याकडे. आत्या भांडी पुसत होती. "आत्या, टाकीत किती ओतलंस?" आत्या लाजली. खरंच लाजली हो! ओट्याखालचं दार उघडलं, आत कॅन. "दादानं दिलं ते मी तसंच कशाला ओतू? त्याला कुठलं गणित येतंय! म्हटलं, आपणच भागावं. पोरीचं काम आहे, उगाच दादाच्या हातून बिघडायला नको."

बाबांकडे गेले. बाबा खताच्या खोलीच्या पायरीवर बसलेले. मी काही विचारायच्या आतच त्यांनी ड्रमवर थाप मारली. आवाज भरलेल्या ड्रमचा. म्हणाले, "तू शंभर म्हणालीस. मला वाटलं, पोर घाईत आहे, भागायचं विसरली. चारचौघांत कसं सांगायचं? म्हटलं, गुपचूप भागून देऊ. तुझी चूक माझ्या खोलीबाहेर जायला नको."

तुम्हाला सांगते, मी त्या पायरीवर बसकण मारली. शंभराचे बाबांनी केले सत्त्याहत्तर. सत्त्याहत्तरचे आत्यानं एकोणसाठ. आणि दाजींनी, विचारलं तर म्हणतात, "मी दोनदा भागलं. एकदा रीतीप्रमाणे, आणि एकदा… तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना, म्हणून खात्रीला." म्हणजे पस्तीस! शंभरातले पस्तीस! अहो, वर्षानुवर्षं ज्यांनी मनाच्या समाधानाचं पोतं ओतलं, ती माणसं एका वाक्यानं इतकी सुधारली, की पीक उपाशी ठेवलं! आजवर कुणाचा उपदेश एवढा लागू पडलाय? मला सांगा, कुणाचा?

मी फक्त एवढंच म्हणाले होते हो…

बरं. रडून झालं. आता उपाय. कमी पडलेत पासष्ट लिटर, ते ताबडतोब द्यायचे. आणि मला त्या दिवशी खरेदीवाल्यांच्या कचेरीत जायचं होतं, साहेबांनी आठवडाभर उशिरा यावं म्हणून हातापाया पडायला. म्हणजे ओतणार हेच. मी तिघांना उभं केलं, म्हटलं, "या वेळी कुणीही भागायचं नाही." आत्या म्हणाली, "नाही गं, भागतोय कशाला," आणि बाबांकडे बघून हसली. बाबा भिंतीकडे बघून हसले. दाजी तर हसतच नाहीत, ते हसले! झालं, मी काय समजायचं ते समजले. हे भागणार. यांच्या अंगात भिनलंय ते. मी पासष्ट म्हटलं तर जमिनीत पडणार तेवीस. पासष्ट पडायला हवे असतील तर तोंडानं म्हणायला हवं… केला हिशेब, चार वेळा गुणलं, आणि म्हटलं, "एकशे शहाऐंशी लिटर."

कुणी काही विचारलं नाही. इथेच मला कळायला हवं होतं!

कचेरीत गेले. खिडकीमागे एक बाई, नखं रंगवत. म्हणाल्या, "वाळेपर्यंत थांबा." थांबले. वाळली. मग आठवडा मिळाला. आनंदात घरी आले, तर अंगणात तिघं ओळीनं उभी. आंघोळी केलेली, भांग पाडलेले. बाबा म्हणाले, "दुसरा ड्रम फोडला तुझ्यासाठी. तू म्हणालीस तेवढंच. थेंब इकडे नाही, थेंब तिकडे नाही." आत्या म्हणाली, "आम्ही तिघांनी शपथ घेतली. आता तुझ्या शब्दावर शब्द नाही." दाजी म्हणाले, "एकशे शहाऐंशी."

जन्मात पहिल्यांदा या घरानं माझं ऐकलं, आणि ते कोणत्या दिवशी!

मी ओरडले, "अहो, मी मुद्दाम जास्त सांगितलं होतं!"

"का?"

"तुम्ही भागाल म्हणून!"

आत्याच्या हातातली बादली खाली आली. "म्हणजे आम्ही ऐकणार नाही असं वाटलं तुला?" आणि गेली आत. मग आतून एकेक भांडं ठेवल्याचा आवाज. ठेवल्याचा म्हणजे… तुम्हाला कळलं. बाबा इतकंच म्हणाले, "आम्ही अडाणी आहोत, पण खोटं तू बोललीस." आणि यात भागण्यासारखं, गुणण्यासारखं काही नव्हतं हो. ते बरोबर होतं.

मी पंप सोडून साध्या पाण्यानं शेत धुतलं. बाबा न बोलता नळ्या उचलायला आले, दाजीही आले. आत्या आली नाही, पण चहा पाठवला. बिनसाखरेचा. तरी व्हायचं ते झालंच. पिवळी पानं एकदम हिरवीगार झाली, काळपट हिरवी, आणि त्यांच्या कडा करपल्या. गड्डे धरले, पण आधीच्या उपासानं एवढे एवढे! मुठीहून जरा मोठे. सगळ्या शेतात एकही मोठा नाही. दाजींनी त्या दिवशी गोदामाचं चित्र काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आले खरेदीचे साहेब. त्यांच्या खिशात एक लोखंडी कडं असतं. गड्ड्यावर ठेवायचं. गड्डा अडला तर माल पास, आरपार गेला तर नापास. आम्ही चौघं बांधावर. साहेबांनी कडं ठेवलं. सुळकन आरपार. दुसऱ्या गड्ड्यावर, सुळकन. तिसऱ्यावर, सुळकन. आत्यानं माझा हात धरला. भांडण होतं आमचं, तरी धरला. मी मनात म्हटलं, संपलं. ती माती, ते पाणी, बाबांची ती खोली, सगळ्यावर पत्रा येणार. चल, खुर्चीत बस.

साहेब म्हणाले, "हा असा एकसारखा लहान… सगळ्या शेतात असाच आहे?"

बाबा म्हणाले, "हो साहेब. सगळीकडे तसाच." बाबांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी दुसऱ्या खिशातून दुसरं कडं काढलं. लहान. ठेवलं. अडलं! पुढच्यावर ठेवलं, अडलं! साहेब उकिडवे बसले, गड्डा हातात घेऊन गोंजारायला लागले. "अहो, हल्ली घरात माणसं दोन. मोठा कोबी नेला की अर्धा फ्रिजमध्ये वाळतो, बाई आम्हाला शिव्या घालते. लहान गड्डा सगळ्यांना हवाय आणि पिकवता कुणाला येत नाही. बियाणं कुठलंही घ्या, शेतकरी खत घालून घालून फुगवतोच! तुम्ही कसं केलंत हो?"

"आणि या करपलेल्या कडा?" मी विचारलं. गप्प बसवत नाही ना मला!

"वरची पानं आम्ही काढूनच टाकतो. सगळा माल घेतला. आणि पुढच्या प्रत्येक हंगामाला घेऊ. फक्त एक अट. असाच हवा. हेच माप, हीच पद्धत. पद्धतीत काडीचा बदल करायचा नाही!"

बाबा शब्दाचे पक्के. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. सगळी शेती माझी, माझ्या हिशेबानं! दाजी म्हणाले, "अभिनंदन, मॅडम," आणि मनापासून म्हणाले. आत्या बोलायला लागली. मातीवर पत्रा येणार नाही. मी जिंकले हो! जिंकले ना?

मग काल नव्या हंगामातला पातळ खताचा दिवस. मी खोली उघडली, तिघं येऊन उभी. हात धुऊन, पेन्सिली घेऊन. बाबा म्हणाले, "बोला बाई. किती लिटर?" मी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. कारण हिशेबानं द्यायला गेले तर कोबी मोठा होणार आणि साहेब नापास करणार. पस्तीस म्हणावं, तर ते पस्तीस तरी नक्की पस्तीसच होते का? बाबा ड्रममधून अंधारात काढतात, आत्या कुठल्या भांड्यानं ओतते ते सांगत नाही, दाजींनी दोनदा भागलं की तीनदा ते त्यांनाच आठवत नाही. तो कोबी कसा झाला हे जगात कुणाला माहीत नाही. झाला असेल तर तो या तीन डोक्यांतूनच परत होणार! तिघं बघतायत. एवढं शिकून आलेलं माणूस काय आकडा सांगतं म्हणून बघतायत.

मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल तेवढं टाका."